पार गावचा पूल: कोयना लहान असते तिथे

कोयनाकाठ

आंबेनळी घाटात वाडा कुंभरोशीला आलं की सगळ्या गाड्या प्रतापगडाकडे वळतात. गड बघायचा, भवानीचं दर्शन घ्यायचं, झुणका-भाकर खायची आणि परत महाबळेश्वर. खाली पार नावाचं गाव आहे, तिथे रामवरदायिनीचं देऊळ आहे, आणि गावाजवळ कोयनेवर एक दगडी पूल आहे, ज्याला अख्खं खोरं 'महाराजांचा पूल' म्हणतं. तिकडे वळणारे फार थोडे. हा धागा त्या पुलासाठी काढतेय.

माझी आत्या कोयनेपलीकडच्या एका वाडीत दिलेली. मी दुसरीत असताना पहिल्यांदा तिच्याबरोबर गेले. जीपमध्ये आम्ही दाटीवाटीने बसलेलो, मांडीवर पिशव्या, पायाशी कोंबडीची पाटी. पूल आला तशी आत्याने जीप थांबवायला लावली. मला म्हणाली, "उतर खाली. ह्यो पूल चालत जायाचा." ती पुढे आणि मी मागे. पुलाच्या टोकाला तिने वाकून दगडाला हात लावला, तो हात कपाळाला लावला आणि चालू लागली. देवळाच्या उंबऱ्याला लावतात तसाच. मी विचारलं, इथे देव कुठाय? तर म्हणाली, "द्येव न्हाई. पर पावसाळ्यात ह्यो हाय म्हनून आमी हाओत."

तेव्हा मला ते कळलं नव्हतं. पुढे एकदा जुलैत अडकून राहिले तेव्हा कळलं. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि त्या डोंगराच्या पश्चिम अंगाचं पाणी याच खोऱ्यात उतरतं. उन्हाळ्यात लहान पोरं गुडघाभर पाण्यातून म्हशी घालतात तीच कोयना पावसाळ्यात एका रात्रीत लाल होते, आणि तिच्या पोटातले धोंडे एकमेकांवर आदळल्याचा आवाज अंथरुणात पडल्या पडल्या ऐकू येतो. ढग गडगडल्यासारखाच, फक्त तो वरून येत नाही, जमिनीतून येतो. दुखणेकरी, बाळंतीण, दळण, रॉकेल, शाळा, सगळं त्या एका पुलावरून.

कोयना म्हटलं की आपल्याला धरण आठवतं, शिवसागरचं ते अफाट पाणी आठवतं. पारला ती अजून पोरगेली आहे. महाबळेश्वरला उगम पावून नुकती खाली उतरलेली. इथून ती सह्याद्रीच्या कडेकडेने दक्षिणेला जाते, हेळवाकला पूर्वेकडे वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. पारचा पूल तिच्या लहानपणातला आहे.

यंदा कार्तिकात, पाणी ओसरल्यावर, पहिल्यांदा पुलाखाली उतरले. इतकी वर्षं वरूनच गेले होते. खाली गारवा होता, शेवाळाचा आणि ओल्या दगडाचा वास होता. मान वर केली तर टोकदार कमान डोक्यावर, एकेक दगड शेजारच्याला खेटून बसवलेला, आणि दगडांवर टाकीचे घाव अजून दिसतात. हात फिरवला तर बोटाला लागतात, सगळे एका दिशेने तिरके. सांध्यात पांढुरका चुना. काही ठिकाणी चुना ओघळून त्याचं दगडासारखं कठीण थेंबुटं झालंय. ज्या बाजूने पाणी येतं त्या बाजूला खांबांना त्रिकोणी नाक आहे, होडीच्या नाळेसारखं. त्या नाकावर पुराने आणून टाकलेल्या काटक्या आणि गवताचा पुंजका तसाच अडकलेला होता. वरून एक जीप गेली. मला वाटलं होतं हादरा जाणवेल. कमानीला पाठ लावून उभी होते, काही म्हणजे काही जाणवलं नाही.

एकच गोष्ट बघून पोटात कालवलं. एका सांध्यात उंबराचं रोप आलंय. माझ्या कोपराएवढं. पानं तुकतुकीत.

इथे स्थापत्यातली माणसं आहेत, भटके आहेत, इतिहास वाचणारे आहेत. या पुलाबद्दल, आणि तुमच्या गावच्या अशा लहान, जुन्या पुलांबद्दल लिहा. मोठ्या पुलांचं सगळे लिहितात.

---

रानवाटा

फार मनापासून लिहिलंय. मी तीनदा गेलोय आणि तिन्ही वेळा घाईत होतो, याचं आज वाईट वाटलं.

पूल तिथेच का, याचं उत्तर जुन्या वाटेत आहे. आज आपण आंबेनळीने, म्हणजे इंग्रजांनी १८७६ मध्ये खुल्या केलेल्या फिट्झगेराल्ड घाटाने उतरतो. त्याआधी घाटावरून कोकणात जायचं तर वाईकडून महाबळेश्वरचं पठार, तिथून रडतोंडीचा घाट उतरून कोयनेचं खोरं, मग पार, आणि पारघाटाने खाली किनेश्वर, पुढे महाड. रडतोंडी नाव उगीच पडलेलं नाही. ओझं घेऊन ती वाट चढून बघा. पारला पेठ होती. बैलांचे तांडे तिथे थांबायचे, माल उतरायचा-चढायचा. म्हणजे हा पूल आज आडवाटेला वाटतो, पण तेव्हा तो हमरस्त्यावर होता.

आणि १६५९ चा नोव्हेंबर आठवा. अफजलखानाची फौज याच रडतोंडीने खाली आणली गेली आणि तिचा तळ पारला, कोयनेच्या काठी पडला. १० नोव्हेंबरला वर गडाखाली जे झालं ते आपल्याला पाठ आहे. पण त्यानंतर फौजेचं जे झालं ते खाली, या खोऱ्यात झालं. चहूबाजूंनी जंगल, वर जायला एकच अवघड चढ, आणि मराठे दबा धरून बसलेले. गडावरून बघताना हे खोरं नुसतं हिरवं दिसतं. पुलावर उभं राहून चारी बाजूंना मान फिरवली की एवढी मोठी फौज कशी कोंडली गेली ते कुणी समजावून सांगायला लागत नाही.

---

साधा_प्रश्न

धागा आवडला. पण कोयनाकाठ ताई, 'शिवकालीन' असं आपण फार पटकन म्हणतो. प्रत्येक जुन्या विहिरीला, प्रत्येक जुन्या पायरीला म्हणतो. या पुलाच्या बाबतीत ते कशाच्या आधारावर?

---

कोयनाकाठ

@साधा_प्रश्न, रास्त प्रश्न आहे. मी इतिहासाची अभ्यासक नाही, खोऱ्यात जे मानतात ते मी लिहिलं. पण कालक्रम असा आहे. जावळी मोऱ्यांकडून स्वराज्यात आली जानेवारी १६५६ मध्ये. लगेच भोरप्याच्या डोंगरावर प्रतापगड बांधायला घेतला, काम मोरोपंत पिंगळ्यांकडे, आणि १६५८ पर्यंत गड उभा राहिला. याच सुमारास पलीकडे रायरी, म्हणजे पुढचा रायगड, हाती आला. एका बाजूला वाई, दुसऱ्या बाजूला महाड, मध्ये नवा गड, आणि खाली वर्षातले चार महिने दुथडी वाहणारी नदी. दगड घडवणारी, चुना मळणारी माणसं गडाच्या कामासाठी आधीच खोऱ्यात जमलेली. एवढी गरज आणि एवढे हात एका वेळी, एका जागी. मला तरी खोऱ्याचं म्हणणं पटतं.

---

चुनखडी

बत्तीस वर्षं पुलांच्या कामावर होतो, आता निवृत्त आहे. नवे पूल पुष्कळ बांधले, पण जीव जुन्यांवर. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जीप गेली तरी हादरा जाणवला नाही असं तुम्ही लिहिलंत, त्यातच सगळं आलं. काँक्रीटचा सपाट पूल ओझं आलं की वाकतो, थोडासाच, पण वाकतो. वाकताना त्याची खालची बाजू ताणली जाते. काँक्रीटला ताण सोसत नाही म्हणून आत लोखंड घालायचं. लोखंडापर्यंत पाणी पोचलं की ते गंजतं, गंजलं की फुगतं आणि काँक्रीट फोडून बाहेर येतं. पुलाखाली उभं राहिलं की सळ्या उघड्या पडलेल्या दिसतात ना, ते हेच. कमानीत ताण नसतोच. वरून ओझं आलं की प्रत्येक दगड शेजारच्या दगडाला आणखी घट्ट दाबतो, आणि ते दाबणं शेवटी दोन्ही काठांना आणि खांबांना जाऊन मिळतं. काळा दगड दाब सोसायला जन्मलेलाच आहे. आत लोखंड नाही, त्यामुळे गंजायलाही काही नाही.

आता चुना. कळीचा चुना भिजवून, वाळू घालून घाणीत मळायचा. घाणी म्हणजे जमिनीत खोदलेला गोल चर, त्यात दगडी चाक, चाकाला बैल. बैल फिरत राहायचे, चुना मळत राहायचा, लोण्यासारखा होईस्तोवर. त्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचं पाणी, ज्या त्या भागातल्या गवंड्याचं जे ठरलेलं असेल ते. असा चुना सावकाश घट्ट होतो, वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत पुन्हा दगड होत जातो. बारीक चीर पडली तर पाण्यात विरघळलेला चुना त्या चिरेत जाऊन बसतो आणि ती आपोआप भरते. तुम्हाला दिसलेली थेंबुटी त्याचीच खूण आहे.

म्हणून जुन्या पुलाच्या दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, सिमेंटने भरल्या की माझा जीव तुटतो. चुना श्वास घेतो. आत गेलेलं पाणी तो बाहेर सोडतो. सिमेंटने तोंड बंद केलं की पाणी आत कोंडतं, आतला भराव भिजून फुगतो आणि बाजूच्या भिंतींना बाहेर ढकलतो. लांबून पूल स्वच्छ, नवाकोरा दिसतो. मी एका गावी (नाव नको) असा 'दुरुस्त' केलेला लहान पूल पाहिला. दहा वर्षांत त्याच्या बाजूच्या भिंतीला पोट आलं होतं.

खांबांचं त्रिकोणी नाक पाणी कापायला असतं, हे तुमच्या लक्षात आलंच आहे. पाणी आडव्या खांबावर आपटलं की खाली वळतं आणि पायथ्याशी भोवरा करून तळ उकरतं. दगडी पूल वरून क्वचित मोडतो. तो मरतो तो खालून, पायथा उकरला गेल्याने. म्हणून पाणी उतरलं की वर्षातून एकदा पुलाखाली उतरून खांबांच्या मुळाशी बघायचं. याला काही यंत्र लागत नाही. एक काठी आणि बघणारा माणूस लागतो.

उंबराबद्दल वेगळं लिहितो, ते महत्त्वाचं आहे. आत्ता डोळे दुखतायत.

---

महाडची_लेक

चुनखडी काका, "खालून मरतो" हे वाचलं आणि थांबले.

आम्ही सावित्रीच्या काठचे. २ ऑगस्ट २०१६ ची रात्र. मुंबई-गोवा महामार्गावरचा जुना दगडी कमानींचा पूल, १९२८ चा. शेजारी नवा पूल होता, पण एका दिशेची वाहतूक जुन्यावरूनच. त्या रात्री असा पाऊस होता की अंगणातलं तुळशीवृंदावन दिसत नव्हतं. पूल गेला. अंधारात, पुराच्या आवाजात, कुणाला कळायच्या आत गाड्या येत राहिल्या. दोन एसटी गेल्या, एक चारचाकी गेली. राजापूरहून बोरिवलीला निघालेली माणसं, जयगडहून मुंबईला निघालेली माणसं. गावाहून चाकरीवर परतणारी, पिशवीत तांदूळ नि कोकमं असणारी.

एसटीचे सांगाडे सापडायला दिवस लागले. नौदलाचे पाणबुडे आले, क्रेनला लोहचुंबक बांधून नदीत फिरवला. आम्ही काठावर उभं राहून बघायचो. माझी आई रोज डबा करून पाठवायची, शोध घेणाऱ्यांसाठी आणि काठावर बसून राहिलेल्या नातेवाइकांसाठी.

नवा पूल १६५ दिवसांत बांधला. जून २०१७ मध्ये वाहतूक सुरू झाली. चांगला आहे, रुंद आहे. पण मी अजून त्या पुलावरून जाताना खिडकीची काच खाली करते आणि पाणी बघते. दर वेळी.

जुन्या पुलांवर प्रेम करा, जरूर करा. पण काका म्हणतात तसं खाली उतरून बघा हो कुणीतरी.

---

रानवाटा

ताई, नमस्कार. यावर काही लिहिता येत नाही.

---

तळकोकणी_बाय

मी कुडाळकडची. आमच्याकडे दगडी कमान वगैरे काही नाही, आमचा होता तो साकव. पण कोयनाकाठ यांची आत्या वाचली आणि माझी आजी उभी राहिली समोर, म्हणून लिहितेय.

आमच्या वाडीच्या आणि शाळेच्या मध्ये व्हाळ. उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत, आम्ही त्यात लपाछपी खेळायचो. मृग लागला की त्याच्याकडे बघवत नसे. म्हणून मे महिना संपता संपता, आंबे उतरून झाले की वाडीतले सगळे पुरुष एक दिवस साकवाला जायचे. कोण बोलवायला जात नसे, दिवस ठरलेला. पोफळी द्यायची पाळी घराघरावर. त्या वर्षी ज्याची पाळी त्याच्या बागेतली उंच, सरळ, म्हातारी झालेली पोफळ तोडायची. तीन पोफळी शेजारी शेजारी, दोन्ही काठांना जांभ्या दगडाच्या चौथऱ्यावर टेकवलेल्या, मधे व्हाळात रोवलेल्या मेढ्यांचा आधार. आडवे बांबू, ते काथ्याने बांधायचे. धरायला एका बाजूला बांबूचा आडवा कठडा, तोही बहुतेक गणपतीपर्यंतच टिकायचा.

बायका त्या दिवशी पेज आणि फणसाची भाजी घेऊन जायच्या. दुपारी साकव झाला की पहिलं कुणी जायचं? घरातलं सगळ्यात लहान चालतं मूल. एका वर्षी ती मी होते. पोफळ नवी, सालीवर पाय घसरत होता. आजी पलीकडे उभी. म्हणाली, "चेडवा, खाली बघू नको. माज्याकडे बघ नि ये." मी तिच्या नाकातल्या नथीकडे बघत बघत गेले. आजही कुठे उंचावर भीती वाटली की मला ती नथ दिसते.

आता तिथे सिमेंटचा साकव आहे, सरकारी योजनेतला. गाडी जाते. आईला दवाखान्यात न्यायला रिक्षा दारात येते, त्याचं मोल मला पुरतं ठाऊक आहे आणि त्याबद्दल मी कुणालाही काही बोलू देणार नाही. पण मे महिन्यातला तो दिवस गेला. पोफळ कशी निवडायची, किती सुकवायची, मेढ कुठे रोवली तर पाणी ती उपटत नाही, हे माझ्या काकांना हाताने माहीत होतं. काका गेल्या वर्षी गेले.

---

चुनखडी

बाय, मेढ कुठे रोवायची हे ज्याला कळलं त्याला पूल कळला. आम्ही ते पुस्तकातून शिकलो आणि तरी चुकलो.

---

मांडवीकार

गोव्यातून लिहितो. पणजी ते रायबंदर जाताना डाव्या हाताला मांडवी, उजव्या हाताला मिठागरं आणि खारफुटी, आणि मधून जो रस्ता जातो त्याला लोक रस्ताच समजतात. तो पूल आहे. पोर्तुगीज व्हाइसरॉय लिन्यारिसचा काउंट, मिगेल द नोरोन्या, याच्या काळात १६३३-३४ मध्ये बांधलेला. जांभ्या दगडाचा, सुमारे तीन किलोमीटर लांब. म्हणजे पारचा पूल खोरं मानतं त्या काळातला असेल, तर हा त्याच्याहून वीस-पंचवीस वर्षांनी थोरला. खाली नुसती दलदल, त्यामुळे भरतीचं पाणी आत-बाहेर करायला जागोजाग कमानी ठेवल्या आहेत. भरतीच्या वेळी स्कूटर बाजूला लावून खाली वाकून बघा, पाणी कमानीतून आत जाताना दिसतं.

मी १९८६ मध्ये शाळेत होतो. ५ जुलैला मांडवीवरचा मोठा पूल पडला. १९७० च्या सुमाराचा, म्हणजे सोळा-सतरा वर्षांचाच. पुढे कित्येक वर्षं आम्ही फेरीबोटीतून पलीकडे जायचो. आणि रायबंदरचा तो साडेतीनशे वर्षांचा म्हातारा शेजारीच उभा होता. माझे वडील रोज सायकलने त्याच्यावरून कामाला जायचे. घरी आले की पायऱ्यांवर बसून चपला झटकायचे, जांभ्याची लाल धूळ पडायची.

---

हंटरडनची_वाट

मी न्यू जर्सीत राहते. मराठी माणसांनी भरलेल्या एडिसनपासून तासाभरावर हंटरडन काउंटीत शेतंच शेतं आहेत, आणि तिथे विकचिओकी नावाच्या ओढ्यावर एक लाकडी पूल आहे. छप्पर असलेला, घरासारखा, ग्रीन सार्जंट्स ब्रिज म्हणतात. १८७२ चा. लांबी जेमतेम ८४ फूट. या राज्यात एकेकाळी असे कितीतरी छपरी पूल होते, आज जुना म्हणावा असा हा एकच उरलाय.

छप्पर माणसांसाठी नाही, पुलासाठी आहे. ज्या लाकडी तुळयांच्या सांगाड्यावर पूल उभा असतो तो ऊन-पावसात थोड्या वर्षांत कुजतो. छप्पर आणि फळ्यांच्या भिंती घातल्या की तोच सांगाडा शंभर-दीडशे वर्षं टिकतो. इथल्या शेतकऱ्यांनी घराला जे केलं तेच पुलाला केलं.

१९६० मध्ये एका ट्रकने धडक देऊन हा पूल मोडला. आता इथे साधा आधुनिक पूल बांधू, असं ठरत होतं. आजूबाजूच्या लोकांनी ते होऊ दिलं नाही. १९६१ मध्ये, जमतील तेवढी जुनीच लाकडं वापरून, पूल पुन्हा उभा केला आणि शेजारी दुसऱ्या दिशेच्या गाड्यांसाठी वेगळा पूल बांधला. त्यामुळे आज जुन्यावर एकाच दिशेचं ओझं येतं.

माझी आई भारतातून आली होती तेव्हा तिला तिकडे नेलं. आत शिरताना चाकाखाली फळ्यांचा खडखडाट होतो आणि एकदम अंधार. आई म्हणाली, "अगं, हा तर आपल्या माजघरासारखा आहे." मग म्हणाली गाडी थांबव, मला चालत जायचंय. कोयनाकाठ, तुझ्या आत्यासारखीच. दोघींची ओळख नाही, पण पूल चालत ओलांडायचा असतो हे दोघींनाही वाटलं.

---

खासी_पाहुणा

कामानिमित्त शिलाँगला आहे. तळकोकणी_बाय यांची पोफळ वाचून राहवलं नाही. इथे मेघालयात ओढ्यांवर रबराच्या झाडाच्या जिवंत मुळांचे पूल आहेत, खासी भाषेत 'जिंगकिएंग ज्री'. काठावरच्या झाडाची पारंबीसारखी मुळं पलीकडे न्यायची असतात, तर त्यांना वाट दाखवायला हे लोक काय वापरतात माहितीये? पोफळीचं खोड. मधे पोकळ करून ओढ्यावर आडवं टाकायचं आणि मुळं त्यातून वाढवत न्यायची. पूल अंगावर माणूस घेण्याजोगा व्हायला पंधरा-वीस वर्षं सहज लागतात. जो लावतो तो पुष्कळदा नातवासाठी लावतो. नाँग्रियाटचा दोन मजली पूल बघायला तीन हजारांच्या वर पायऱ्या उतराव्या लागल्या. पायाखाली मूळ गार आणि किंचित लवचीक लागतं.

---

चुनखडी

आणि आता बघा, मेघालयात जे मूळ पूल होतं तेच पारला पूल मोडेल. उंबर, वड, पिंपळ, ते रबराचं झाड, सगळे एका कुळातले. पाखराच्या विष्ठेतून बी चुन्याच्या सांध्यात पडतं. चुना ओल धरतो, बीला तेवढं पुरतं. वर कोपरभर रोप दिसतंय तेव्हा आत मूळ त्याच्या दुप्पट-तिप्पट गेलेलं असतं. आत्ता ते सुतळीएवढं असेल. दहा वर्षांत मनगटाएवढं होईल, आणि जाड होताना दगड बाजूला सारेल. कमानीत एक दगड हलला की शेजारच्यांचं दाबणं ढिलं होतं.

कोयनाकाठ, हात जोडून सांगतो, ते ओढून उपटू नका. उपटलं तर एक तर वर तुटून खाली जोमाने फुटेल, नाहीतर मुळाबरोबर चुना आणि दगडही निघून येईल. सांध्यालगत धारदार कोयत्याने कापायचं. पुन्हा फुटलं की पुन्हा कापायचं, एकही पान धरू द्यायचं नाही. पान नाही तर मुळाला अन्न नाही. दोन-तीन वर्षांत थकून मरतं. मेल्यावर राहिलेली पोकळी चुन्याने भरायची, सिमेंटने नाही. आणि आधी ग्रामपंचायतीला लेखी कळवा. वारशाच्या वास्तूला परस्पर हात लावणं बरोबर नाही, आणि त्यांच्याही वहीत एकदा नोंद झालेली चांगली.

---

साधा_प्रश्न

प्रश्न विचारला होता म्हणून उत्तरही द्यायला हवं. मागच्या रविवारी पारला जाऊन आलो. पूल चालत ओलांडला, मग खाली उतरलो. उंबराचं ते रोप मलाही दिसलं. तिथे दीड तास होतो.

जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला होता. आंबेनळीचा रस्ता जागोजाग तुटून कित्येक दिवस बंद होता. तेव्हा हा पूल या सगळ्या पाण्याच्या वाटेत उभा होता. खांबाच्या त्या त्रिकोणी नाकावर हात ठेवला तेव्हा हे आठवलं.

---

कोयनाकाठ

सगळ्यांचे सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. महाडची_लेक, तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा.

काल आत्याला फोन केला. उंबराचं सांगितलं. थोडा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "दसरा झाला की तुजं आतोबा आन चौघं-पाचजन कोयतं घिऊन जायाचं खाली. दर साली. झाडोरा काडायचं, अडाकल्याली लाकडं काडायचं, खांबाच्या बुडाला बगायचं. त्येंचं गुडगं गेलं तवापासनं कोन गेलं न्हाई. मी म्हनलं सरकार बगत आसंल."

चुनखडी काका, म्हणजे तुम्ही म्हणता ती काठी आणि बघणारा माणूस होता तिथे. कुणी नेमलेला नव्हता, पण होता. मला इतक्या वर्षांत कुणी हे सांगितलं नाही, कारण मी विचारलं नाही.

आतेभावाने आज सकाळी ग्रामपंचायतीत अर्ज दिला आणि पोच घेतली. दुपारी तो आणि त्याचा पोरगा, सातवीत आहे, खाली उतरले. आतोबा वर पुलावर खुर्ची टाकून बसले होते, तिथून ओरडून सांगत होते, "बुडापाशी काप, आरं बुडापाशी!" आतेभावाने फोटो पाठवलाय. सांध्यात आता नखाएवढा पांढरा ठिपका दिसतोय, उंबराचा चीक. खाली पोराच्या हातात ते रोप आहे. आत्याने त्याला सांगितलंय की ते फेकायचं नाही, ओढ्याच्या वरच्या अंगाला, पुलापासून लांब, नेऊन लाव. जगलं तर जगलं.

शिमग्याला जाईन तेव्हा पुन्हा खाली उतरून बघते, पान फुटलंय का. इथेच लिहीन.